उदाहरण आधी, सूत्र मागाहून

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धडा संपला की स्वाध्यायाच्या तळाशी ‘उदाहरणे सोडवा’ अशी सूचना असते. तिची जागा तळाशी, आणि बहुतेक वर्गांत तिची पाळीही शेवटीच येते. आधी व्याख्या, मग नियम, मग सूत्र, आणि वेळ उरलाच तर दोन-तीन उदाहरणे. तीही फळ्यावर सरांनी सोडवायची आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यायची. बालभारतीने २०१७ साली काढलेल्या नववीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण ‘गतीचे नियम’ हे आहे. म्हणजे विद्यार्थ्याची आणि गतिशास्त्राची खरी ओळख तेथे होते. ही पहिली ओळखच सूत्रांच्या यादीने झाली, तर पुढे पदार्थविज्ञान म्हणजे पाठांतराचा आणखी एक विषय अशी समजूत घट्ट बसते. शिकवण्याचा हा क्रम उलटा आहे आणि तो सुलटा करायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत पटवून देण्यासाठी दूर कोठे जाण्याचे कारण नाही. आपण मालेगावलाच जाऊ. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठचे हे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. येथल्या कित्येक गल्ल्यांत दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो. शाळेत बसलेल्या मुलांपैकी अनेकांच्या घरी माग आहे, किंवा घरातले कोणी तरी मागावर काम करते. या मुलांना गतिशास्त्र शिकवायचे असेल, तर ‘एक वस्तू अमुक वेगाने जात आहे’ असे म्हणून आरंभ कशाला करायचा? ती वस्तू त्यांनी रोज पाहिलेली आहे. तिचे नाव धोटा. कारखान्यात तिला शटलही म्हणतात.

धोटा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता असलेला लाकडी ठोकळा. त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते. मागाच्या एका बाजूने त्याला जोराचा फटका बसतो, तो ताण्याच्या उघडलेल्या दोऱ्यांमधून सरळ पलीकडे जातो, तेथल्या पेटीत थांबतो, आणि लगेच उलट बाजूने पुन्हा फटका बसतो. आता वर्गात एकच प्रश्न विचारावा: धोटा किती वेगाने जातो?

मित्रांनो, या प्रश्नात काहीही ‘दिलेले’ नाही, हे ध्यानात घ्या. पुस्तकातल्या उदाहरणात वस्तुमान, अंतर, काळ सगळे आयते मिळते आणि विद्यार्थ्याचे काम एवढेच उरते, की आकडे कोणत्या सूत्रात बसतात ते हुडकणे. येथे मात्र आधी ठरवावे लागते, की आपल्याला काय काय माहीत हवे आणि ते मिळवायचे कसे.

अंतर सोपे आहे, ते टेपने मोजता येते. एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत १.५ मीटर धरू. धोट्याचे वस्तुमान वाण्याच्या तराजूत समजेल. ते ४०० ग्रॅम, म्हणजे ०.४ किलोग्रॅम धरू. अडचण आहे ती काळाची. धोटा इतक्या झटपट जातो, की नजरेने त्याच्या फेऱ्या मोजता येत नाहीत. मग काय करावे? येथे एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी म्हणेल, “फेऱ्या मोजायच्या कशाला? प्रत्येक फेरीला बाण्याचा एक दोरा कापडात बसतो. कापडातले दोरेच मोजू!” दहा मिनिटांत किती कापड विणले गेले ते पट्टीने मोजावे, भिंग घेऊन एका सेंटिमीटरात बाण्याचे किती दोरे आहेत ते मोजावे आणि गुणाकार करावा. समजा, दहा मिनिटांत ७५ सेंटिमीटर कापड झाले आणि दर सेंटिमीटरला २० दोरे निघाले. म्हणजे १५०० फेऱ्या झाल्या. मिनिटाला १५०, अर्थात एका फेरीला ०.४ सेकंद. हातात घड्याळ, पट्टी आणि भिंग एवढेच असताना आपण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मोजली. असा शोध स्वतः लावण्यातला आनंद सूत्र पाठ करण्यात कधीच मिळणार नाही.

परंतु धोटा सबंध ०.४ सेकंद धावत नसतो. पेटीत थांबलेला असताना फणी नवा दोरा कापडात ठोकत असते. प्रत्यक्ष धावण्याला यातला एकतृतीयांश काळ लागतो असा अंदाज करू. म्हणजे सुमारे ०.१३ सेकंद. तेव्हा वेग झाला सेकंदाला सुमारे ११ मीटर, म्हणजेच ताशी ४० किलोमीटर. गावातून जाणाऱ्या मोटारसायकलीचा हा वेग! अंदाज थोडा चुकला तरी बिघडत नाही. वेग ९ मीटर असेल, १३ असेल. तो १ मीटर नाही आणि १०० मीटरही नाही, एवढे तर नक्की कळले. पदार्थविज्ञानात अशा खडबडीत उत्तरालाही मोल असते.

आता पुढचा प्रश्न. हा धोटा पलीकडच्या पेटीत साधारण २० सेंटिमीटर अंतरात थांबतो असे धरू. त्याला थांबवणारे बल किती? येथे पहिल्यांदा सूत्राची गरज पडते, आणि गरज पडली म्हणूनच ते शिकावेसे वाटते. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले, की सरासरी त्वरण मिळते. येथे त्याची दिशा गतीच्या उलट आहे. ११ चा वर्ग १२१, भागिले ०.४, म्हणजे सुमारे ३०० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या हे तीसपट आहे. त्याला ०.४ किलोग्रॅमने गुणले की १२० न्यूटन बल मिळते. बारा किलोग्रॅमचे ओझे उचलायला लागावे एवढे हे बल आहे. चारशे ग्रॅमच्या ठोकळ्याला मिनिटाला दीडशे वेळा ते सोसावे लागते. धोटा झिजतो का, फटका देणारे पिकर पुन्हा पुन्हा बदलावे लागतात का, माग एवढा आवाज का करतो आणि त्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना ऐकू कमी का येऊ लागते, याचा उलगडा या एका आकड्यातून होऊ लागतो.

ऊर्जेचा हिशोबही करून पाहू. एका फेरीत धोट्याची गतिज ऊर्जा सुमारे २४ ज्यूल येते. सेकंदाला अडीच फेऱ्या, म्हणजे ६० वॅट. ही सारी ऊर्जा दर फेरीला दिली जाते आणि पेटीत उष्णता व आवाज यांच्या रूपाने वाया जाते. आता विचारा, हा खटाटोप कशासाठी? दीड मीटर दोरा पलीकडे नेण्यासाठी. तीस नंबरच्या सुताचा एक किलोमीटर दोरा सुमारे २० ग्रॅम भरतो, तेव्हा दीड मीटर दोऱ्याचे वजन झाले ०.०३ ग्रॅम. म्हणजे ०.०३ ग्रॅम दोरा पोहोचवण्यासाठी आपण त्याच्या तेरा हजार पट वजनाचा ठोकळा फेकतो आणि लगेच अडवतो!

उद्या मालकाने ठरवले, की मागाचा वेग दुप्पट करून कापड दुप्पट काढावे, तर काय होईल? धोट्याचा वेग दुप्पट, म्हणून थांबवणारे बल चौपट, एका फेरीची ऊर्जाही चौपट. शिवाय फेऱ्या दुप्पट. तेव्हा धोट्यावर खर्च होणारी शक्ती आठपट, ६० वॅटऐवजी ४८० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, हे आठवले म्हणजे यातला धोका समजेल. लाकूड आणि चामडे हे सहन करणार नाही. हवेच्या झोताने किंवा सळईने दोरा नेणारे बिनधोट्याचे माग पुढे का आले, याचे एक मोठे कारण नववीच्या गणितातून आपल्या हाती लागले. हे कोणी सांगितले नाही, आपण काढले.

येथपर्यंत वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, “म्हणजे उदाहरणे भरपूर सोडवायची, एवढेच ना? शिकवणीत आम्ही तेच करतो.” नाही, तेवढेच नाही. या बाबतीत एक मोलाचा पुरावा उपलब्ध आहे. दक्षिण कोरियातील किम आणि पाक या दोन संशोधकांनी २००२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. त्यांनी २७ विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या तयारीत पुस्तकी छापाची शेकडो उदाहरणे सोडवली होती. कोणी ३००, तर कोणी २९००. सरासरी सुमारे १५००. तरीही बल आणि गती यांविषयीचे साधे, समजेचे प्रश्न विचारताच यांतले अनेक जण अडखळले. सोडवलेल्या उदाहरणांची संख्या आणि विषयाची समज यांचा फारसा संबंध दिसला नाही. अमेरिकेत १९९२ साली हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या कल्पनेविषयीची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातही आकडेमोड नाही. नुसते प्रश्न आहेत, आणि भल्याभल्यांची त्यांत त्रेधा उडते.

असा एक प्रश्न आपल्या धोट्यावरही विचारता येईल. फटका बसून गेला आहे, धोटा मागाच्या मध्यावर आहे. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बले आहेत? चित्र काढा आणि बाणांनी दाखवा.

पुष्कळ विद्यार्थी गतीच्या दिशेने एक मोठा बाण काढतात आणि त्याला ‘फटक्याचे बल’ असे नाव देतात. पण फटका देणारा पिकर तर मागेच राहिला! आता धोट्याला पुढे ढकलणारे कोणीही नाही. खाली गुरुत्वबल आहे, वर उचलून धरणाऱ्या पट्टीचे बल आहे, आणि मागच्या दिशेने घर्षण, थोडा हवेचा रोध व दोऱ्याची ओढ आहे. पुढच्या दिशेला बाणच नाही. धोटा पुढे जातो तो जडत्वामुळे. न्यूटनचा पहिला नियम तोंडपाठ म्हणणारा आणि दुसऱ्या नियमावरची पन्नास उदाहरणे अचूक सोडवणारा विद्यार्थीही येथे चुकू शकतो, कारण त्या पन्नास उदाहरणांत त्याला चित्र काढण्याची वेळच आलेली नसते.

तेव्हा उदाहरणे किती सोडवली, यापेक्षा कशी सोडवली याला महत्त्व आहे. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध पुस्तकात प्रश्न सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, बेत पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. आपल्याकडे पहिली आणि चौथी पायरी सर्रास गाळली जाते. गतिशास्त्रापुरते बोलायचे तर पहिली पायरी म्हणजे चित्र काढून बले दाखवणे आणि उत्तर साधारण किती येईल याचा आधीच अंदाज बांधणे. चौथी पायरी म्हणजे एकके जुळतात का ते तपासणे, उत्तर व्यवहाराला धरून आहे का ते पाहणे आणि ‘हेच दुप्पट केले तर?’ असा पुढचा प्रश्न विचारणे. असे एक उदाहरण सोडवायला अर्धा तास लागला तरी चालेल. घाईघाईने उरकलेल्या वीस उदाहरणांपेक्षा ते अधिक शिकवून जाते.

उदाहरणांतून शिकवण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. मालेगावहून फार दूर नसलेल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि त्याला १२०७ साली देणगी मिळाली, असे त्यावरून कळते. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. ज्या ग्रंथांसाठी हा मठ होता, त्यांतील ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची आहे आणि तिच्यात उदाहरणांची रेलचेल आहे. त्यातले एक असे: नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. खांबापासून सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येऊ लागतो, आणि त्याला पाहून मोर तिरका झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल?

कोणता सिद्धांत वापरायचा हे सांगितलेले नाही. चित्र काढल्यावर काटकोन त्रिकोण दिसतो आणि उत्तर बारा हात येते. दोघेही पंधरा हात गेलेले असतात. आता यातला पदार्थविज्ञानाचा भाग पाहा. दोघांनी एकाच वेळात सारखे अंतर कापले, म्हणजे दोघांचा सरासरी वेग समान मानला आहे. खरा मोर सारख्या वेगाने झेप घेईल काय? गुरुत्वाकर्षणाचा विचार केला तर काय बदलेल? साडेआठशे वर्षांहून जुने उदाहरण आजच्या वर्गात नवी चर्चा उभी करू शकते.

यावर शिक्षक बंधुभगिनींचे काही आक्षेप असतील, आणि ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप असा, की अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा. एका धोट्यावर दोन तास घालवले तर बाकीचे केव्हा शिकवायचे? परंतु वर पाहा. एका धोट्यात वेग, त्वरण, न्यूटनचे नियम, गतिज ऊर्जा, कार्य आणि शक्ती एवढे सगळे येऊन गेले. वेगवेगळे शिकवायला याहून जास्त तास लागतात आणि त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तर दिसतच नाही.

दुसरा आक्षेप असा, की विज्ञान प्रयोगाने शिकवावे, गणिताने नव्हे. हे खरेच आहे. पण चांगले उदाहरण आणि प्रयोग यांच्यात भिंत नसते. कापडातले दोरे मोजणे हा प्रयोगच आहे, आणि त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागत नाही. ज्या शाळेत प्रयोगाचे साहित्य अपुरे आहे, तिला तर ही रीत अधिकच उपयोगी आहे.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. प्रवेश परीक्षांत एका प्रश्नाला एक-दोन मिनिटे मिळतात, तेथे चित्रे काढत बसायला सवड कोठली? याचे उत्तर एवढेच, की वेग सरावाने येतो, पण सराव समजलेल्या गोष्टीचा असावा लागतो. न समजलेल्या सूत्राचा सराव केला, तर प्रश्न जरा फिरवून विचारताच तो निरुपयोगी ठरतो.

आणि या साऱ्यात पणाला काय लागले आहे, तेही बोलले पाहिजे. मालेगावात मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांतून दहावी झालेली मुले अकरावीला विज्ञान शाखेत जातात, तेव्हा भाषा एकदम इंग्रजी होते आणि पुस्तक जाडजूड होते. ज्यांच्या हाती तोपर्यंत फक्त पाठ केलेली वाक्ये असतात, त्यांची ती वाक्ये भाषेबरोबरच निघून जातात. ‘फिजिक्स आपल्यासाठी नाही’ असे म्हणून हुशार मुले मागे फिरतात. ज्यांच्या घरी महागड्या शिकवणीला पैसे आहेत ती टिकतात. मागावर रात्रपाळी करणाऱ्याची मुलगी मागे राहते. मात्र धोट्यावरची बले जिने स्वतःच्या भाषेत विचार करून स्वतःच्या हाताने काढली आहेत, तिला इंग्रजी शब्द नवे असले तरी कल्पना जुनी असते. तिला फक्त नवे नाव शिकायचे असते. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने अगदी आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले आणि विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा सोपी करण्याकडेही लक्ष दिले. भाषेचा आणि समजेचा हा संबंध तेव्हापासून ओळखलेला आहे. वर्गात त्याचा उपयोग करून घेणे आपल्या हातात आहे.

तेव्हा शिक्षकांना आमची विनंती अशी, की प्रत्येक प्रकरणाचा आरंभ गावातल्या एका प्रश्नाने करावा, आकडे मुलांना मिळवू द्यावेत आणि सूत्र मुलांना हवेसे वाटेल तेव्हाच फळ्यावर लिहावे. आठवड्यातून असे एक उदाहरण झाले तरी पुरे. आणि विद्यार्थी मित्रांनो, सुरुवातीला तुमच्यासाठी ही चार उदाहरणे देत आहोत. आधी चित्र काढा, मग अंदाज लिहा, आणि मगच आकडेमोड करा. उत्तरे येथे छापत नाही. ती मित्रांशी वाद घालून ठरवा.

१. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने जात असताना ब्रेक दाबला. वेग ताशी ४० असता, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर किती पट झाले असते? आणि चालकाला ब्रेक दाबण्यापूर्वी जो एक सेकंद लागतो, त्यात कापलेले अंतर किती पट?

२. कापडाच्या गाठी लादलेली हातगाडी सुरू करताना जास्त जोर लागतो, चालू ठेवताना कमी. दोन्ही वेळची बले बाणांनी दाखवा. चालू असताना जोर लागतोच का?

३. पंधरा मीटर खोल पाणी असलेल्या विहिरीतून पंप मिनिटाला १००० लिटर पाणी वर काढतो. त्यासाठी कमीत कमी किती अश्वशक्ती हवी? पंपावर ५ अश्वशक्ती असे लिहिलेले असेल, तर उरलेली कोठे जाते?

४. सरळ रस्त्याने सारख्या वेगाने जाणाऱ्या एस.टी.त बसून नाणे वर उडवले, तर ते कोठे पडेल? नाणे हवेत असतानाच चालकाने ब्रेक दाबला तर? आणि नाणे सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबलेले दिसते, तेव्हा त्याच्यावर बल किती असते?